इक्वलायझरसाठी मल्टिथ्रेड प्रोसेसर: चाराचे आठ थ्रेड केले तरी वेग का वाढत नाही?

प्रश्न सांगलीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाचा आहे. कृष्णाकाठच्या चार ठिकाणांहून पाणीपातळी आणि कॅमेऱ्याचा डेटा २.४ गिगाहर्ट्झवर आणायचा. चार स्वतंत्र प्रवाह, प्रत्येकी सेकंदाला ५ लाख सिंबॉल (सिंबॉल म्हणजे एका वेळी पाठवलेलं सिग्नलचं एकक), मॉड्युलेशन क्यूपीएसके, म्हणजे एका सिंबॉलात दोन बिट. प्रत्येक प्रवाहाला १६ टॅपचा एलएमएस इक्वलायझर, म्हणजे प्रतिध्वनींनी बिघडलेला सिग्नल सुधारणारा आणि स्वतःच्या चुकीवरून शिकणारा फिल्टर. टॅप म्हणजे त्यातलं एक सॅम्पल गुणिले त्याचं वजन (कोएफिशंट). टॅपमधलं अंतर अर्ध्या सिंबॉलचं. हे सगळं आर्टिक्स-७ ३५टी एफपीजीएवर (आतली जोडणी आपण ठरवायची अशी चिप), १०० मेगाहर्ट्झ क्लॉकच्या रिस्क-व्ही प्रोसेसर कोअरवर चालवायचं, चार थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच कोअरवर आळीपाळीने चालणाऱ्या चार कामांत. वेळेत बसेना म्हणून एकेका प्रवाहाचे टॅप दोन थ्रेडमध्ये वाटून आठ थ्रेड केले, तर काम आणखी मागे पडलं. हाच संच पुढे साताऱ्यातही लावायचा आहे. चुकतंय कुठे?

आधी हिशेब. १०० मेगाहर्ट्झला ५ लाखांनी भागा: एका सिंबॉलमागे क्लॉकचे २०० ठोके मिळतात. थ्रेड आळीपाळीने चालतात आणि एका ठोक्याला एकच सूचना सुटते, म्हणजे चार थ्रेडमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ५० सूचना. आता साध्या रिस्क-व्ही कोडमध्ये, कॉम्प्लेक्स गुणाकार-बेरजेला एकच सूचना धरली तरी, एका टॅपला काय लागतं ते मोजा. फिल्टरसाठी सॅम्पल वाचा, कोएफिशंट वाचा, कॉम्प्लेक्स गुणाकार-बेरीज करा: ३. अपडेटसाठी पुन्हा सॅम्पल, पुन्हा कोएफिशंट, गुणाकार-बेरीज आणि परत लिहिणं: ४. एका टॅपला ७, १६ टॅपना ११२. यात लूपची उडी, पॉइंटर वाढवणं, सिंबॉलचा निर्णय हे काही धरलेलं नाही. हवेत ११२ हून जास्त, आहेत ५०. आठ थ्रेड केल्यावर प्रत्येकाला ५० ऐवजी २५ मिळाले. टॅप निम्मे झाले तरी ५६ लागतातच, वर दोन अर्ध्या बेरजा एकत्र करण्याचा खर्च वेगळा. वेग कमी होणारच होता.

मल्टिथ्रेडिंगने गणिताची ताकद वाढत नाही. मेमरीची, गुणकाची, आधीच्या उत्तराची वाट पाहण्यात जे ठोके वाया जातात ते दुसऱ्याच्या कामाने भरून निघतात, एवढंच. तुमच्याकडे रिकामे ठोके नव्हतेच, सूचनाच जास्त होत्या. म्हणून आधी टॅपमागच्या सूचना कमी करा, मग थ्रेड किती ते ठरवा. हा क्रम उलटा झाला की सगळं फसतं.

एलएमएसचा स्वभावही इथे आड येतो. या सिंबॉलच्या चुकीवरून कोएफिशंट बदलतात आणि बदललेले कोएफिशंट पुढच्या सिंबॉलला लागतात. ही साखळी एकाच प्रवाहाच्या आत तोडायला गेलात की थ्रेडना प्रत्येक सिंबॉलला एकमेकांची वाट पाहावी लागते. तोडायचंच असेल तर जिथे आपोआप तुटलेलं आहे तिथे तोडा: वेगळा प्रवाह, वेगळा अँटेना, ओएफडीएममध्ये (डेटा अनेक बारीक वाहक लहरींवर वाटणाऱ्या पद्धतीत) वेगळा सबकॅरियर. तुमचे चार प्रवाह एकमेकांना ओळखतही नाहीत. एक प्रवाह, एक थ्रेड.

थ्रेड ठरलेल्या क्रमाने फिरवायचे, रहाटगाडग्यासारखे. कुणाला काम नसलं तरी त्याची पाळी त्याचीच. कल्पना जुनी आहे. १९६४ च्या सीडीसी ६६०० मधले दहा पेरिफेरल प्रोसेसर याच पद्धतीने एकच गणित-विभाग वापरत. वायरलेसमध्ये सँडब्रिज कंपनीच्या सँडब्लास्टर या डीएसपीत (सिग्नलवर काम करणाऱ्या प्रोसेसरमध्ये) एका कोअरला आठ थ्रेड होते आणि क्वालकॉमच्या सुरुवातीच्या हेक्सागॉनमध्ये सहा. फायदा असा की थ्रेड पाइपलाइनच्या टप्प्यांइतके असले तर एका थ्रेडची पुढची सूचना सुटेपर्यंत मागचीचं उत्तर लिहून झालेलं असतं. फॉरवर्डिंगचे (उत्तर लिहून होण्याआधीच पुढच्या सूचनेला देण्याचे) मार्ग, शाखेचा (उडी होणार की नाही याचा) अंदाज, अडथळा ओळखणारं सर्किट, सगळं काढून टाकता येतं.

आता टॅप. तीन गोष्टी हार्डवेअरमध्ये घाला: गिनती स्वतः सांभाळणारा लूप, वाचल्यावर आपोआप पुढे सरकणारा गोल पॉइंटर, आणि ऑपरंड (ज्यांच्यावर क्रिया करायची त्या संख्या) थेट मेमरीतून घेणारी सूचना. मग फिल्टर आणि अपडेट एकाच फेरीत करा. एका ठोक्याला नवं सॅम्पल, एक सिंबॉल जुनं सॅम्पल आणि कोएफिशंट असं तिन्ही वाचायचं. कोएफिशंट गुणिले नवं सॅम्पल बेरजेत जातं. त्याच वेळी मागच्या सिंबॉलची चूक गुणिले जुन्या सॅम्पलचा कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटलेलं रूप) कोएफिशंटमध्ये मिळवून परत लिहायचा. दोन कॉम्प्लेक्स गुणक लागतात, म्हणजे आठ डीएसपी४८ई१ ब्लॉक (एफपीजीएतले तयार गुणाकार-बेरीज विभाग). ३५टी मध्ये असे ९० आहेत, कंजुषी करायचं कारण नाही. एका टॅपला सात सूचनांची एक झाली.

मेमरीची मांडणीही सोपी होते. सॅम्पल बफरच्या दोन प्रती ठेवा. येणारं सॅम्पल दोन्हीत लिहा, एकीतून नवं वाचा, दुसरीतून जुनं. अर्ध्या सिंबॉलच्या टॅपमध्ये एक सिंबॉल मागे म्हणजे दोन जागा मागे, त्यामुळे १६ अधिक २ असे १८ शब्द पुरतात. पण पॉइंटर गोल फिरवायला दोनाचा घात हवा म्हणून ३२ घ्या. पत्त्याचे वरचे दोन बिट म्हणजे थ्रेडचा क्रमांक. एका ठोक्याला एकच थ्रेड वाचतो आणि एकच लिहितो, त्यामुळे आर्बिटर (मेमरीची पाळी ठरवणारं सर्किट) लागत नाही. रजिस्टर फाइललाही हेच: १८ किलोबिटची ब्लॉक रॅम (एफपीजीएतली तयार मेमरी) ५१२ बाय ३६ अशी वापरता येते आणि दोन वाचन-मार्गांसाठी तिच्या दोन प्रती लागतात. ३२ रजिस्टर गुणिले १६ थ्रेड म्हणजे बरोबर ५१२. चार थ्रेड असोत की सोळा, रॅम तेवढीच. थ्रेड फुकट वाढतात असा भ्रम इथूनच होतो.

या मांडणीत कोएफिशंटवरचा प्रत्येक बदल एक सिंबॉल उशिरा लागू होतो, म्हणजे हा विलंबित एलएमएस झाला. त्याची किंमत मोजता येते. विलंब नसताना पायरीची, म्हणजे म्यूची, वरची मर्यादा दोन भागिले सगळ्यात मोठी आयगेन व्हॅल्यू (टॅपमधल्या सॅम्पलची शक्ती एका दिशेत जास्तीत जास्त किती, ते सांगणारी संख्या). डी सिंबॉलांच्या विलंबाला त्या मर्यादेला साइन (पाय भागिले (दोन गुणिले (२डी अधिक १))) या संख्येने गुणायचं. डी १ असेल तर कोन ३० अंशांचा आणि मर्यादा निम्मी. डी २ असेल तर ०.३१ पट. एजीसीने (सिग्नलची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या भागाने) सॅम्पलचं आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी, पूर्ण पल्ल्याच्या चौथाईवर धरलं, तर १६ टॅपची एकूण शक्ती १ होते. सगळ्यात मोठी आयगेन व्हॅल्यू त्याहून जास्त असूच शकत नाही. म्हणजे विलंबासकट मर्यादा किमान १. प्रत्यक्षात प्रशिक्षणाला १/१६ आणि डेटा सुरू झाल्यावर १/६४ घेतलेत तर विलंबाचा त्रास जाणवणार नाही. दोन्ही दोनाचे घात असल्याने गुणाकारही नको, शिफ्ट पुरतो. प्रशिक्षणाला काही शे सिंबॉलांची तयारी ठेवा. ५ लाखांच्या वेगाला ३०० सिंबॉल म्हणजे ०.६ मिलिसेकंद. लवकर जुळतो म्हणून आरएलएस या दुसऱ्या शिकण्याच्या पद्धतीच्या मागे लागू नका. त्याचं काम टॅपच्या वर्गाच्या पटीत वाढतं आणि कमी बिटच्या फिक्स्ड पॉइंटमध्ये तो हळूहळू बिघडत जातो.

आता ज्या जागी बहुतेकांची डिझाइन पडते ती जागा. डीएसपी४८ मध्ये पी नावाचं बेरजेचं रजिस्टर आत असतं आणि सवयीने सगळे त्यातच बेरीज साठवतात. एका थ्रेडला ते चालतं. चार थ्रेड फिरायला लागले की पुढच्याच ठोक्याला दुसऱ्या प्रवाहाचा टॅप येतो आणि चौघांची बेरीज एका भांड्यात पडते. एकाच थ्रेडवर चाचणी अगदी स्वच्छ, चारही चालू केले की कॉन्स्टेलेशनचा (सिंबॉलच्या ठिपक्यांच्या चित्राचा) नुसता चिखल, असं दिसलं तर आधी इथेच बघा.

उपाय ब्लॉकच्या रचनेतच आहे. गुणाकार चालू असताना त्यातल्या बेरजेला बाहेरून एकच तिसरी संख्या देता येते: एकतर शेजारच्या ब्लॉकची साखळी, नाहीतर सी नावाचा प्रवेशमार्ग, म्हणजे सी पोर्ट. म्हणून वास्तव भागासाठी पहिल्या ब्लॉकमध्ये सी वजा काल्पनिक-काल्पनिक गुणाकार करा आणि ते साखळीने दुसऱ्याला द्या. दुसरा त्यात वास्तव-वास्तव गुणाकार मिळवेल. दुसऱ्याचं उत्तर फिरून पहिल्याच्या सी पोर्टवर आणा. या वळशात सी रजिस्टर, पहिलं पी, दुसरं पी असे तीन ठोके जातात. थ्रेड चार असतील तर वाटेत एक जादा रजिस्टर टाका: वळसा चार ठोक्यांचा होतो आणि प्रत्येक थ्रेडची बेरीज त्याच्याच पाळीला हजर होते. निवड करणारा मल्टिप्लेक्सर नको, पत्ता नको. आठ थ्रेड असतील तर जादा रजिस्टर पाच. दोन थ्रेडना ही युक्ती जमतच नाही, कारण वळसाच तीनचा आहे. पहिल्या टॅपला मात्र सी पोर्टवर शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर मागच्या सिंबॉलची बेरीज या सिंबॉलला चिकटते.

यामुळेच मोकळा थ्रेड वगळून पुढच्याला पाळी देणारा हुशार शेड्यूलर इथे नको. क्रम बदलला की फिरती बेरीज चुकीच्या माणसाच्या हातात जाते.

थ्रेड किती? फेच, डिकोड, पत्ता, मेमरीचे दोन ठोके, गुणकाचे चार आणि शेवटी राउंडिंग व लेखन असे मिळून दहा टप्पे होतात. मागच्या उत्तरावर अवलंबून असलेल्या सूचनेला दहा भागिले थ्रेड, वरच्या पूर्णांकात, वजा एक एवढ्या पाळ्या थांबावं लागतं. चार थ्रेडना दोन पाळ्या, आठला एक, दहाला शून्य. टॅपच्या लूपमध्ये हे थांबणं लागू होत नाही, कारण प्रत्येक टॅप वेगळ्या कोएफिशंटला हात लावतो. ते फक्त लूपनंतर लागतं आणि त्या रिकाम्या पाळ्यांत साइनच्या तक्त्याचं वाचन, पॉइंटर सावरणं अशी किरकोळ कामं घालता येतात. साध्या पूर्णांकी सूचनांचा मार्ग चार टप्प्यांत संपवा म्हणजे त्यांना थांबणं नाही. हिशेब असा: टॅपच्या १६, फेज फिरवणं, निर्णय, चूक, फेज उलटी फिरवणं, नवी सॅम्पल घेणं आणि थांबण्याच्या पाळ्या धरून साधारण ४०. हाताशी ५०. चार प्रवाहांना चार थ्रेड पुरले. आठ केले असते तर निम्म्या पाळ्या ओस पडल्या असत्या.

फेज फिरवण्याचा उल्लेख वर आला, तो टाळता येणारा नाही. २.४ गिगाहर्ट्झवर २ पीपीएमचा (दहा लाखांत दोन चुकणारा) क्रिस्टल ४.८ किलोहर्ट्झ चुकतो, म्हणजे दर सिंबॉलला सुमारे साडेतीन अंश फेज सरकते. दुसऱ्या टोकाचा क्रिस्टल उलट्या बाजूला चुकला तर दुप्पट. १/६४ च्या पायरीचा इक्वलायझर एवढं फिरणं पकडू शकत नाही. तो पाठलाग करत राहतो आणि कॉन्स्टेलेशनचं कडं होतं. फिल्टरनंतर छोटा फेज लूप ठेवा आणि चूक अपडेटला देण्यापूर्वी तेवढीच उलटी फिरवा. हे उलटं फिरवणं राहिलं की दोन लूप एकमेकांशी भांडत बसतात.

जाता जाता: ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात पल्ला चांगला मिळतो म्हणून कुणी तिकडे वळायला सांगेल. तिथे कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झपुरती आहे. ५ लाख सिंबॉल त्यात मावत नाहीत.

बिटांचा प्रश्न. कोएफिशंट १६ बिटांत ठेवून दोन पूर्णांक आणि चौदा अपूर्णांक असे वाटले, तर चूक सिग्नलच्या साधारण उणे ३० डेसिबलला पोचली की अपडेट अर्ध्या शेवटच्या बिटाहून लहान होतो आणि शिकणं थांबतं. क्यूपीएसकेला ते चालून जाईल, उद्या ६४-क्यूएएमवर (एका सिंबॉलात सहा बिट) गेलात तर नाही. ब्लॉक रॅमचा शब्द ३६ बिटांचा आहे, म्हणजे १८ अधिक १८ त्यात नेमके बसतात. तेवढ्याने ही पातळी उणे ४२ वर जाते आणि खर्च शून्य. राउंडिंगही फुकटात होतं. अपडेटच्या गुणकात कोएफिशंट सी पोर्टवर वर सरकवून द्यावा लागतो, त्याच्या खालचे बिट शून्यच असतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या बिटावर कायमचा १ ठेवा. तो न ठेवता नुसते खालचे बिट कापलेत तर प्रत्येक अपडेट किंचित ऋण बाजूला झुकतो आणि काही वेळाने सगळे कोएफिशंट एका दिशेला घसरलेले दिसतात.

आता टॅप १६ च का, आणि सातारा. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. सांगली सपाटीवरचं शहर. इमारतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनीचा वळसा तीनशे मीटर धरला तर उशीर एक मायक्रोसेकंद, म्हणजे अर्धा सिंबॉल. तिथे सहा टॅपही निभावून नेतील. साताऱ्यात एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा डोंगर. कड्यावर आपटून येणाऱ्या लहरीचा वळसा दीड किलोमीटरचा झाला तर उशीर पाच मायक्रोसेकंद, अडीच सिंबॉल. रेषीय इक्वलायझर चॅनेलच्या लांबीच्या किमान तिप्पट हवा. १६ अर्धे टॅप म्हणजे ८ सिंबॉल, १६ मायक्रोसेकंद. जेमतेम बसतं. सांगलीत चाचणी पास झाली म्हणून टॅप कमी केलेत तर साताऱ्यात पहिल्याच दिवशी बिंग फुटेल.

तिथला प्रतिध्वनी थेट लहरीइतकाच जोरदार निघाला, समोर झाडी असेल आणि पाठीमागे उघडा कडा असेल तर निघतोच, तर रेषीय इक्वलायझर स्पेक्ट्रममधला खड्डा भरताना नॉइजही फुगवतो. टॅप कितीही वाढवा, फायदा नाही. तिथे निर्णयावर चालणारे चार-सहा फीडबॅक टॅप जोडा. क्यूपीएसकेचा निर्णय अधिक-उणे एकाचा असल्याने त्यांच्या फिल्टरला गुणाकार नको, बेरीज-वजाबाकी पुरते. सहा टॅपना आणखी सहा पाळ्या धरा, एकूण ४६. पन्नासांत बसतं, पण अंगाला घट्ट. पुढचे टॅप १६ चे १२ करून थोडी हवा ठेवा. फीडबॅकमध्ये चुकीचा निर्णय पुढच्या निर्णयांना बिघडवतो हेही लक्षात असू द्या. प्रशिक्षण पुरतं होण्याआधी तो चालू करू नका.

चारही अँटेना एकाच प्रेषकाला ऐकत असतील आणि त्यांची एकत्र बेरीज घ्यायची असेल, तर चूक सामायिक होते आणि थ्रेड स्वतंत्र राहत नाहीत. तरीही हीच रचना चालते. चौघांचा कोड सारखा आणि आत शाखा नसेल तर चारही बेरजा लागोपाठच्या चार ठोक्यांत तयार होतात. एका सामायिक रजिस्टरमध्ये मिळवा, चूक काढा, पुढच्या सिंबॉलला सगळ्यांना द्या. विलंब आपण आधीच स्वीकारलेला आहे, बॅरियर (सगळे थ्रेड येईपर्यंत थांबवणारी सूचना) लागत नाही. मात्र त्या कोडमध्ये एकही 'जर-तर'ची उडी घालू नका. निवड करायची ती सिलेक्ट सूचनेने करा.

याच कोअरवर पुढे ५जी चालवता येईल का, असंही विचारलं आहे. नाही. १०० मेगाहर्ट्झच्या ५जी कॅरियरमध्ये ३० किलोहर्ट्झच्या अंतराने ३२७६ सबकॅरियर आणि अर्ध्या मिलिसेकंदाला १४ सिंबॉल असतात. चार बाय चार मायमोत (दोन्ही टोकांना चार-चार अँटेना) प्रत्येक जागी नुसतं मॅट्रिक्स लावायलाच १६ कॉम्प्लेक्स गुणाकार. सेकंदाला सुमारे १४७ कोटी, आणि मॅट्रिक्स काढण्याचा खर्च वेगळा. तिथे सबकॅरियर स्वतंत्र असल्याने काम वाटणं सोपं, पण प्रत्येक थ्रेडच्या हाती रुंद व्हेक्टर गुणक लागतो.

चाचणी या क्रमाने करा. पायथनमध्ये किंवा ऑक्टेव्हमध्ये बिटाला बिट जुळणारं फिक्स्ड पॉइंट मॉडेल लिहा, त्यात एक सिंबॉलाचा विलंबही घाला, नाहीतर पहिल्या अपडेटपासूनच आकडे फुटतील. चॅनेल म्हणून थेट लहर आणि दोन सिंबॉल उशिराची अर्ध्या ताकदीची लहर घ्या, पण तिची फेज ६०-७० अंश फिरवलेली ठेवा. फेज शून्य ठेवलीत तर कोएफिशंटचे काल्पनिक भाग जवळपास शून्यच राहतात आणि त्यांच्या गणितातला दोष लपू शकतो. तो मग खऱ्या हवेत गेल्यावरच दिसतो. आधी एकच थ्रेड, मग चौघांना एकच डेटा, मग चौघांना चार वेगळी चॅनेल. तिसऱ्या टप्प्यात थ्रेड ० चे कोएफिशंट थ्रेड १ च्या चॅनेलला जुळताना दिसले, तर गणित तपासत बसू नका. लिहिण्याच्या टप्प्यावर थ्रेडचा क्रमांक एक ठोका पुढेमागे झाला आहे. तो क्रमांक सूचनेबरोबर दहाही टप्प्यांतून वाहत आला पाहिजे, शेवटी काउंटरवरून नव्याने काढलेला नसावा. आणि लूप चालू असताना नवं सॅम्पल येऊन बफर सरकतो का ते मुद्दाम बघा: वाचनाचा पॉइंटर लूपच्या सुरुवातीला एकदाच उचलायचा, मध्ये हलवायचा नाही.